कुलाब्याचं अफगाण चर्च

मे महिना लागला की आमच्या मुनिरक्यातली निम्मी कॉलनी नैनितालला पळते. मागच्या वर्षी तिथून परत आलेल्या शेजाऱ्यांनी मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. देवदारांच्या मध्ये दगडी चर्च, टोकदार कमानी, रंगीत काचा. म्हणाले, "कर्नलसाहेब, असं काही तुमच्या महाराष्ट्रात आहे का?"

ते चर्च म्हणजे सेंट जॉन इन द वाइल्डरनेस. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनितालमध्ये दरड कोसळली आणि १५१ माणसं गेली. त्यांची आठवण त्या चर्चमध्ये पितळी पाट्यांवर जपलेली आहे. मी त्यांना म्हटलं, डोंगर आणि तळं सोडून द्या, बाकी सगळं आमच्याकडे आहे. मुंबईत, कुलाब्याला. त्याची कथा मात्र दरडीपेक्षा कठीण आहे.

आधी एक खुलासा करतो, कारण लोक मोठं चर्च दिसलं की त्याला सरसकट कॅथेड्रल म्हणतात. बिशपची अधिकृत खुर्ची जिथे असते ते कॅथेड्रल. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस हे कॅथेड्रल आहे. कुलाब्याचं सेंट जॉन द इव्हँजलिस्ट हे साधं चर्च, तेही फौजी वस्तीतलं. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात.

ही शैली निओ-गॉथिक. मूळ गॉथिक युरोपात बाराव्या ते सोळाव्या शतकातलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते पुन्हा उचललं. त्यामागचं गणित सोपं आहे. अर्धगोल कमानीवर भार आला की ती पाय फाकवते, म्हणून बाजूच्या भिंती जाडजूड ठेवाव्या लागतात. टोकदार कमान तोच भार जास्त सरळ खाली उतरवते. उरलेला रेटा बाहेरून दिलेले दगडी टेकू झेलतात. मग भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात, त्यांत रंगीत काच बसते आणि इमारत उंच नेता येते. मुंबईचं हायकोर्ट, राजाबाई टॉवर, व्हीटी स्टेशन हे सगळं या चर्चनंतरचं.

पायाभरणी डिसेंबर १८४७ची. काम दहा वर्षं चाललं, १८५८च्या जानेवारीत चर्च उघडलं आणि सुमारे २०० फूट उंचीचा मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडलं. मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूरानेही पैसे दिले. दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. आराखडा हेन्री कोनीबेअर यांचा. मुंबईला पाणी देणारं विहार तलावाचं काम त्यांचंच. म्हणजे शेजाऱ्यांना तळं हवंच असेल तर तेही या गोष्टीत आहे!

आता मूळ मुद्दा. हे चर्च पहिल्या अफगाण युद्धाचं स्मारक आहे. त्या युद्धाची एकच गोष्ट सगळे सांगतात. ६ जानेवारी १८४२ रोजी काबूलहून सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून निघाले, आणि आठवड्याभराने जलालाबादला डॉक्टर ब्रायडन हा एकच युरोपियन पोचला. पण ती फौज मुख्यतः बंगालची होती. मुंबईची पलटण सिंधमधून, बोलन खिंडीतून गेली, आणि तिची माणसं तिथल्या उन्हात, तहानेने, तापाने मेली.

कहानचं उदाहरण घ्या. बलुचिस्तानातला हा मातीचा किल्ला १८४०च्या मेपासून सप्टेंबरपर्यंत कॅप्टन ब्राऊन आणि मुंबईच्या पाचव्या पलटणीच्या सुमारे ३०० जवानांनी धरून ठेवला. त्यांना रसद द्यायला निघालेली तुकडी ३१ ऑगस्टला नफुस्क खिंडीत उधळली गेली. दीडशेहून जास्त माणसं पडली. पाणी संपलं होतं. शेवटी ब्राऊन वाटाघाटी करून आपली माणसं घेऊन बाहेर पडला. ती पाचवी पलटण म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, 'काली पांचवीं'.

१९८४ साली लेफ्टनंट असताना मी एका रविवारी त्या चर्चमध्ये गेलो होतो. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आणि एक लेख आहे, त्याचा आशय असा: हवालदार आणि शिपाई इतके मेले की त्यांची नावं इथे लिहिणं शक्य नाही. तेव्हा मी तो वाचला आणि पुढे गेलो. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही.

पुढे कंपनी हाताखाली आली. कंपनीत नॉमिनल रोल नावाचा कागद असतो, प्रत्येक जवानाचं नाव, नंबर, गाव. तेव्हा तो लेख आठवला आणि खटकला. १८४० सालीही शिपायाला पगार मिळत होता, आणि पगार नाव लिहिल्याशिवाय मिळत नाही. नावं होती. जागा नव्हती असं म्हणू या फार तर.

न्यायाने बोलायचं तर गोऱ्या शिपायांचीही नावं तिथे नाहीत. तो काळच अधिकाऱ्यांची नावं कोरण्याचा होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नियम बदलला, स्मारकावर हुद्द्यावरून भेद नको. पण बसऱ्याच्या स्मारकावर, १९२९ साली, हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. नावं अधिकाऱ्यांचीच. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या होत्या, म्हणजे त्या आकड्यात सातारा-रत्नागिरीची किती घरं असतील याचा अंदाज करा. हे काही फार जुनं नाही, आमच्या आजोबांच्या वेळचं.

दोनच वर्षांनी, १९३१ साली, पुरं झालेल्या आपल्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत, त्यांत हिंदी जवानही आहेत. तिथे १९१९च्या तिसऱ्या अफगाण युद्धातले मृतही आहेत, हे फार जणांना ठाऊक नसतं.

शेजाऱ्यांना हे सगळं सांगितल्यावर एका रविवारी आम्ही दोघं इंडिया गेटच्या मागच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेलो. २०१९ साली ते उघडलं तेव्हा तिथे पंचवीस हजारांहून जास्त नावं होती. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांसारख्या पाट्या आहेत, एका पाटीवर एक माणूस. सुभेदार आणि शिपाई शेजारी शेजारी. मला माझ्या कंपनीतला एक मुलगा शोधायचा होता. अर्धा तास लागला. पाटी जरा उंचावर आहे, माझा हात पोचेना. शेजारी माझ्यापेक्षा उंच, त्यांनी बोट ठेवून नाव मोठ्याने वाचलं, मग नंबर वाचला. नंबर मला पाठ होता.