‘सायन्स घेतलंय’ म्हणजे नेमकं काय घेतलंय?

दहावीचा निकाल लागला की महिनाभर घरोघरी एकच प्रश्न फिरतो, ‘मग, काय घेणार?’ उत्तरंही तीनच: सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. सायन्स म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो, कॉमर्स म्हटलं की ‘सीए करणार का?’ असा पुढचा प्रश्न येतो, आणि आर्ट्स म्हटलं की पाहुणे चहाचं कौतुक करायला लागतात. गंमत अशी, की या तिन्ही उत्तरांतून मुलाला पुढे कुठे जाता येईल हे फारसं कळतच नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, आर्किटेक्चर, एनडीए यांच्या पात्रतेच्या अटी काढून वाचा. तिथे विषयांची नावं असतात. बारावीच्या गुणपत्रिकेवर अमुक विषय आहे का आणि त्यात किती गुण आहेत, एवढंच तिथे तपासतात.

घोळाचं मूळ थोडं प्रवेशाच्या पद्धतीतही आहे. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जाच्या दुसऱ्या भागात कॉलेज आणि शाखेचे जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम भरायचे. त्यावर रात्र रात्र खल होतो, गेल्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ होतात. विषय मात्र बहुतेकांचे ठरतात नंतर, प्रवेश निश्चित करताना, कॉलेजच्या खिडकीशी, मागे रांग उभी असताना.

‘सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे राहतात’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, म्हणून याला जरा जास्त जागा देतो.

राज्य मंडळाची बारावी ६०० गुणांची, सहा विषयांची. इंग्रजी सक्तीचं. त्यानंतर दुसरी भाषा, किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे मुलांचं लाडकं ‘आयटी’. उरले चार. फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळजवळ सगळेच घेतात. त्यांच्या जोडीला मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही असले की पीसीएमबी. दोन्हींपैकी एक सोडला तर त्या जागी भूगोल, मानसशास्त्र असा कॉलेजात शिकवला जाणारा दुसरा विषय येतो.

यात भर द्विलक्षी अभ्यासक्रमांची. कम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा विषय दोन पेपरांचा, २०० गुणांचा. तो दोन विषयांची जागा खातो: दुसऱ्या भाषेची आणि एका वैकल्पिक विषयाची. हा वैकल्पिक विषय बहुतेक वेळा बायोलॉजी असतो. खिडकीशी होणारं संभाषण साधारण असं:

‘सर, मुलीला कम्प्युटर सायन्स मिळतंय का?’

‘मिळतंय. पण मग बायो नाही मिळणार.’

‘चालेल हो, तिला कम्प्युटरची आवड आहे.’

‘बाबा, पण नीटचं काय?’

‘ते नंतर बघू गं. मागे लोक खोळंबलेत.’

दोन वाक्यांत मेडिकल बाजूला पडलं, आणि घरी जाऊन आईला सांगताना मात्र ‘सायन्स मिळालं’ एवढंच सांगितलं जातं.

नीट देऊन एमबीबीएसला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. पूर्वी बायोलॉजी सुटलं की प्रकरण संपत असे. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केलं, की बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण केली तरी चालेल. त्यामुळे बंद झालेलं दार आता किलकिलं झालं आहे. ते ढकलून आत जाणं वेगळं. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे असतात आणि समोर दोन वर्षं तोच विषय घोटलेली मुलं असतात.

उलट बाजूने पीसीबी घेतलेल्याला बीई-बीटेक किंवा आर्किटेक्चर मिळत नाही, कारण त्याच्याकडे गणित नाही. मंडळाच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसणाऱ्यांचा एक वेगळा गट असतो. राहिलेला विषय असा नंतर देता येतो, पण त्यात एक वर्ष जातं. म्हणून ज्याचं खरंच ठरलेलं नाही त्याने पीसीएमबी ठेवावं, असं माझं मत आहे. भार जास्त आहे, प्रॅक्टिकलं जास्त आहेत, हे कबूल. पण ज्याला रक्त पाहून घेरी येते आणि ज्याच्या सात पिढ्यांना डॉक्टर व्हायचं नव्हतं, त्याने ‘असू दे, पडून राहील’ म्हणून बायोलॉजी ओढत नेण्यात अर्थ नाही.

लोक समजतात तितके सगळे अभ्यासक्रम हट्टी नसतात. बी.फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायोलॉजी, दोन्हींपैकी काहीही चालतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. कृषीला पीसीएमवालाही जातो आणि पीसीबीवालाही. फार्मसीसाठी बायोलॉजी हवीच म्हणून रडतखडत ती शिकणारी मुलं दर वर्षी भेटतात.

जाता जाता आयटीबद्दल. मराठी सक्तीचा २०२०चा कायदा पहिली ते दहावीपुरता आहे. अकरावीत मराठी सोडून आयटी घेणं पूर्ण नियमात बसतं, आणि बरीच मुलं गुणांसाठी तेच करतात. मराठीच्या शिक्षकांना याचं दुःख होतं. मला वाटतं, ते रास्त आहे.

‘कॉमर्सला गणित कशाला?’

कॉमर्सच्या मुलाला बहुतेक कॉलेजांत एका ठिकाणी फाटा फुटतो: मॅथ्स की एसपी? एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, चिटणिसाची कार्यपद्धती. एसपीत गुण मिळतात, मॅथ्समध्ये घाम निघतो, म्हणून वर्गातला मोठा भाग एसपीकडे वळतो.

एसपी घेऊन सीए होता येतं का? येतं. सीएच्या इन्स्टिट्यूटची बारावीची शाखा किंवा विषय यांची अट नाही. सायन्स, आर्ट्सची मुलंही सीएच्या पहिल्या, फाउंडेशन परीक्षेला बसतात. पण फाउंडेशनच्या चार पेपरांतला तिसरा पेपर व्यावसायिक गणित, तार्किक विचार आणि संख्याशास्त्र यांचा आहे. तो १०० गुणांचा, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापणारा. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. अकरावीत गणिताला दिलेला चकवा इथे दोन वर्षांनी गाठतो.

खरा बंद दरवाजा वेगळाच आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर बारावीत गणित लागतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.लाही लागतं. ‘इकॉनॉमिक्स’ हा कॉमर्सचा विषय, मग गणिताचा काय संबंध, असं विचारणारे पालक मी पाहिले आहेत. पहिल्या सत्राचं कोणतंही अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं की संबंध कळतो.

आणखी एक. बीबीए, बीसीए, बीएमएस हे ‘सहज मिळणारे’ कोर्स आता तितके सहज राहिलेले नाहीत. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या कक्षेत आल्यावर महाराष्ट्रात २०२४पासून त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. बारावीच्या निकालानंतर कॉलेज शोधायला निघालेल्या कितीतरी जणांना परीक्षा होऊन गेल्यावर ही बातमी कळली.

‘आर्ट्सवाल्याला पुढे एमपीएससी, नाहीतर काही नाही’

बालभारतीचं बारावीचं गणिताचं पुस्तक हातात घ्या. मुखपृष्ठावर ‘गणित आणि संख्याशास्त्र’ आणि त्याखाली कंसात ‘कला व विज्ञान’ असं छापलेलं आहे. कॉमर्सचं पुस्तक वेगळं. म्हणजे मंडळाच्या लेखी आर्ट्सचा विद्यार्थी सायन्सच्याच पुस्तकातून गणित शिकू शकतो. अडचण कॉलेजांची आहे. आर्ट्सच्या वेळापत्रकात गणित बसवणारी कॉलेजं फार कमी. तरी प्रवेशाआधी विचारायला काय हरकत आहे? नियमच नाही असं उत्तर मिळालं, तर हे मुखपृष्ठ दाखवावं.

आर्ट्सच्या वाटा म्हणून वकिली सगळ्यांना आठवते. पाच वर्षांच्या एलएलबीला कोणतीही शाखा चालते, खुल्या प्रवर्गाला बारावीत ४५ टक्के लागतात. कमी आठवतं ते पवईचं. आयआयटी मुंबईच्या बी.डेस.ला यूसीड ही परीक्षा आहे आणि ती कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी देऊ शकतो; जेईईचा तिथे संबंध नाही. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्सलाही बारावीच्या शाखेची अट नाही. दहावीत गणित आणि इंग्रजी असलं की पात्रता परीक्षेपर्यंत जाता येतं. पुढचा अभ्यासक्रम अर्थात गणिताचाच आहे, तिथे कुणी हात धरत नाही.

खडकवासल्याच्या एनडीएबद्दलही असाच अर्धवट समज आहे. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात आणि ते भूदलासाठी अर्ज करणाऱ्यालाही द्यावेच लागतात. त्यामुळे आर्ट्स घेऊन एनडीएची स्वप्नं पाहणाऱ्याने सायन्सच्या मित्राचं गणिताचं पुस्तक अकरावीतच मागून आणावं.

‘सीईटी महत्त्वाची, बोर्डाचं काय एवढं?’

हा समज मुलांनी जन्माला घातलेला नाही. कॉलेजात नाव, पूर्ण वेळ क्लासमध्ये, आणि प्रॅक्टिकलपुरतं दर्शन, हा सगळा ‘इंटिग्रेटेड’ कारभार त्याच्यावर उभा आहे. यात अर्ध सत्य आहे. गुणवत्ता यादी लागते ती सीईटी, जेईई किंवा नीटच्या गुणांवर. पण त्या यादीत नाव येण्याआधी बोर्डाच्या गुणांचा उंबरठा असतो.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसाठी ठरलेल्या विषयांत मिळून ४५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ४०. एमबीबीएससाठी फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत मिळून खुल्या प्रवर्गाला ५०, राखीवला ४०. हे आकडे छोटे वाटतात. मग येतात आयआयटी आणि एनआयटी: बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५, किंवा मंडळातल्या आपल्या प्रवर्गाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा. हे ७५ टक्के फक्त पीसीएमचे नसतात. त्यात भाषा धरतात आणि आणखी एक विषयही धरतात. जेईईत उत्तम पर्सेंटाइल आणि इंग्रजीत कसेबसे ४०, अशा मुलाची जून महिन्यात काय अवस्था होते, ते त्याच्या घरच्यांनाच विचारा.

याच समजाचं धाकटं भावंड म्हणजे ‘अकरावीचं काही नसतं, ते मोकळं वर्ष’. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के भार आहे, आणि जेईई-नीटमध्ये अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम एकत्रच येतो. शिवाय पीसीएमच्या सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक गुण आणि गणिताच्या प्रश्नाला दोन. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. अकरावीत त्रिकोणमिती सोडून दिलेल्या मुलाला बारावीचं कलन उमगत नाही, आणि मग दोष क्लासच्या सरांना दिला जातो.

‘डिप्लोमा, आयटीआय म्हणजे संपलं’

दहावीनंतर तीन वर्षांचं पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटी नाही. बारावी-सीईटीच्या वाटेने जाणाऱ्याला तिथवर पोचायलाही तीनच वर्षं लागतात.

आयटीआयची गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला मंडळाचे भाषा विषय देऊन बारावीला समकक्ष प्रमाणपत्र मिळवता येतं. बोर्डाचा निकाल जाहीर होताना ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ घेणारे म्हणून ज्या विद्यार्थ्यांची वेगळी आकडेवारी येते, ते हेच. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि पुढे डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे फिटरचा ट्रेड घेतलेला मुलगा अकरावी सायन्सच्या वर्गात एकही दिवस न बसता बीई होऊ शकतो. त्याची खरी परीक्षा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला होते. पहिल्या वर्षाचं गणित न शिकता तो थेट ‘एम-थ्री’च्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपराच्या, तासाला जाऊन बसतो. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं अडकतात ती बहुधा याच पेपरात, त्यामुळे एम-वन आणि एम-टूची पुस्तकं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच घरी आलेली बरी.