नेता कोणी निवडावा?

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर कालवश झाले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची धुरा त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्याकडे आली. १९७९ मध्ये सरकार कोसळले, १९८० मध्ये पक्षाचा पराभव झाला आणि ताईंनी काँग्रेसची वाट धरली. पुढे पेडण्याच्या रमाकांत खलप यांनी पक्ष सावरला. कालांतराने तेही काँग्रेसवासी झाले. २७ मार्च २०१९ च्या मध्यरात्री तर तीनपैकी दोन आमदारांनी विधिमंडळ पक्षच भाजपमध्ये विलीन केला. त्यांतील एक पेडण्याचे होते. पेडणे-डिचोलीच्या ज्या कुळामुंडकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सिंहावर शिक्के मारले, त्यांना यांपैकी एका तरी वळणावर कोणी विचारले काय?

योगायोग असा की, २७ मार्च २०२३ रोजीच स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतेपदाचा निकाल लागला. सामान्य सभासदांच्या मतांनी हमझा युसुफ यांनी केट फोर्ब्स यांचा ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी निसटता पराभव केला. तेथेही सारे आलबेल नव्हते. सभासदसंख्येविषयी वृत्तपत्रांना चुकीची माहिती दिली गेल्याचे उघड होताच, मतदान चालू असतानाच मुख्याधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. पण चुरस होती म्हणूनच उमेदवारांनी हिशेब मागितला आणि खरा आकडा बाहेर आला.

आमच्या प्रादेशिक पक्षांनी एवढे तरी करावे: गावोगावची सभासदयादी खुली ठेवावी आणि नेता गुप्त मतदानाने निवडावा. ज्याच्या हाती नेता निवडण्याचा अधिकार नाही, त्याचा पक्ष एका रात्रीत दुसऱ्याच्या दावणीला बांधला गेला, तर नवल ते कसले?