भाताचे रोप आणि पूर

भाताचे रोप घोटाभर पाण्यात मजेत वाढते. म्हणून भाताला पाणी कितीही चालते, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नाही. पूर येऊन संपूर्ण रोप पाण्याखाली गेले, तर भाताच्या बहुतेक जाती आठवड्याभरात मरू लागतात. शेतकऱ्याची सारी मेहनत वाया जाते.

असे का होते? झाडालाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यातून ऑक्सिजन रोपापर्यंत फार सावकाश पोहोचतो. पाणी गढूळ असेल, तर सूर्यप्रकाशही कमी मिळतो. मग रोपाला पुरेसे अन्न तयार करता येत नाही. जवळचा साठा संपला, की रोप मरते.

माणूस बुडू लागला, तर हातपाय मारतो, ओरडतो. रोपाला ना हातपाय, ना तोंड. मग आपण बुडालो, हे त्याला कळते तरी कसे? हे काम इथिलीन नावाचा वायू करतो. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यातून बाहेर पडतो, तोच हा वायू. झाडाच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या अशा पदार्थांना संप्रेरके म्हणतात. रोप हवेत असताना इथिलीन बाहेर निघून जातो. पाण्याखाली मात्र तो रोपातच साठतो. हीच रोपाला मिळालेली धोक्याची सूचना!

सूचना मिळाल्यावर काय करायचे, हे भाताच्या जातीवर अवलंबून असते. बांगलादेश, थायलंड आणि आसाम येथील काही सखल भागांत पुराचे पाणी कित्येक आठवडे राहते. तेथे खोल पाण्यातील भात लावतात. त्यात इथिलीनमुळे जिबरेलीन हे दुसरे संप्रेरक वाढते. खोड भराभर लांब होते. कधी कधी एका दिवसात २० ते २५ सेंटिमीटर! पाने पाण्याबाहेर येतात आणि पोकळ खोडातून मुळांना हवा मिळते.

ओडिशातील एक जुनी जात नेमके याच्या उलट करते. तिच्यात 'सब-१ए' नावाचे जनुक आहे. इथिलीन साठला, की ते जिबरेलीनला आवर घालते. रोप वाढ थांबवते आणि आपला साठा जपून वापरते. पाणी ओसरल्यावर ते पुन्हा वाढू लागते.

२००६ साली शास्त्रज्ञांनी हे जनुक ओळखले. संकर करून ते 'स्वर्णा' या लोकप्रिय जातीत आणले गेले. २००९ साली 'स्वर्णा-सब १' ही जात भारतातील शेतकऱ्यांना मिळाली. ती सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते.

सूचना एकच, पण उत्तरे दोन. पाणी फार दिवस राहणार असेल, तर उंच वाढण्यात शहाणपण आहे. ते लवकर ओसरणार असेल, तर धीर धरण्यात आहे. म्हणून आपल्या शेतात पूर किती दिवस थांबतो, हे पाहूनच शेतकऱ्याने बियाणे निवडावे.