माजघरातला उजेड

पावसाळ्यात कुडपणला भर दुपारी कातरवेळ होते. पोलादपूर तालुक्यातल्या या डोंगरी गावावर ढग उतरले की भीमाची काठी म्हणतात तो सुळका दिसेनासा होतो, आणि घरात चुलीचा जाळ व एक मिणमिणता दिवा एवढाच उजेड उरतो. अशाच एका माजघरात भाकरी थापणाऱ्या आजींचा फोटो मी दोन फोनवर काढला. माझ्या जुन्या आणि सोबत्याच्या नव्या. दोन्हींत आजी उजळ दिसल्या. पण माझ्या फोटोत त्यांच्या गालांवरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. मला ते फार लागलं.

कागदावर दोन्ही फोन सारखेच: भिंगाचा आकडा एकाचा एफ/१.८, दुसऱ्याचा एफ/१.९. घोळ इथेच होतो. हा आकडा म्हणजे छिद्राची रुंदी नव्हे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागलं की तो येतो. माझ्या फोनचं नाभीय अंतर सव्वाचार मिलिमीटर, म्हणजे छिद्र जेमतेम २.४. नव्याचं अंतर ८.७, छिद्र ४.६. व्यास जवळपास दुप्पट, म्हणून आत येणारा प्रकाश पावणेचार पट.

नाभीय अंतर ठरतं सेन्सरवरून. तेवढंच माजघर चौकटीत बसवायचं, तर मोठ्या सेन्सरला भिंग लांब हवं. फोनच्या पाठीवरचा उंचवटा त्यातूनच येतो. माझा सेन्सर सुमारे २४ चौरस मिलिमीटरचा, सोबत्याचा ‘एक इंची’, ११६ चा. नावातला इंच मात्र त्यात कुठेच सापडत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून ते नाव चिकटलं. या सेन्सरचा कर्ण १६ मिलिमीटरच आहे. असा सेन्सर फोनमध्ये पॅनासॉनिकने २०१४ मध्येच बसवला होता.

प्रकाश कणाकणाने येतो, पागोळीसारखा एका धारेत नाही. भुरभुर पावसात अंगणात वाटी ठेवा नि परात ठेवा. वाटीत पडणारे थेंब दर मिनिटाला कमीजास्त भरतील, परातीचा हिशेब बराच स्थिर राहील. शंभर प्रकाशकणांच्या मोजणीत दहाचा चढउतार ठरलेला. दहा हजारांत शंभराचा, म्हणजे फक्त एक टक्का. हा चढउतार फोटोत रवाळ ठिपके होऊन दिसतो. फोन ते ठिपके शेजारच्यांत मिसळून गुळगुळीत करतो, आणि अंधारात त्याला ठिपका कोणता, सुरकुती कोणती, हे कळत नाही. अनेक फोटो एकावर एक रचून तो तूट भरून काढू पाहतो, पण भाकरी थापणारे हात त्याच्यासाठी थांबत नाहीत. मेगापिक्सेल वाढवून प्रकाश वाढत नाही. ४८ मेगापिक्सेलचे बरेच फोन एरवी चार-चार पिक्सेल जोडून १२ चाच फोटो देतात.

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. सोबत्याच्या फोनने जवळून भाकरीवर नेम धरला, तर मागे आजींचा चेहरा पुसट झाला. सॅमसंगने २०१८ च्या एस ९ मध्ये छिद्र लहानमोठं करण्याची सोय दिली होती. बहुतेक फोनांत ते कायमचं एकच असतं. गावाजवळच्या, धुक्यात बुडालेल्या धबधब्यासमोर तर दोन्ही फोन सारखेच हरले. दाट धुक्याच्या पलीकडचं फोनच्या कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

दुसऱ्या सकाळी पाऊस उघडला. आजी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी माझा जुनाच फोन काढला. या वेळी त्यात एकूण एक सुरकुती आली.