बजेट शिलकी, नळ कोरडा

पालिकेचं बजेट पेपरात छापून आलं की आमच्या गल्लीत चार दिवस माझा भाव वधारतो. एरवी मी पेन्शनीतला माणूस, भाजीची पिशवी घेऊन कडेकडेनं जाणारा. पण नोकरी सगळी बुलढाणा जिल्ह्यातल्या पालिकांच्या लेखा विभागात गेली. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चात किराणा दुकानाच्या ओट्यावर प्रश्न ठरलेला असतो. "काका, एवढे कोटी येते कुठून, अन् जाते कुठं?" मागून कोणीतरी म्हणतो, "जाते कुठं काय, खाते!" मग सगळे हसतात.

खाणारे खातात, ते मी पाहिलेलं आहे. कोणाची वकिली करायला मी बसलेलो नाही. पण तेवढ्यावर विषय संपवला की खरं दुखणं बाजूलाच राहतं. इतकी वर्षं रोकडवही लिहून माझं एक मत पक्कं झालं आहे: आपल्या पालिकांना नवं बांधायला पैसा मिळतो, जुनं चालवायला मिळत नाही. आणि गावकरी भांडतात ते नेमके नव्यासाठी.

आमचं गाव घाटावरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जिल्ह्यातलं कुठलंही नाव घातलं तरी चालेल. आपल्याकडे महानगरपालिका एकही नाही. नगरपरिषदा ११: घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद. शिवाय मोताळा आणि संग्रामपूर या दोन नगरपंचायती. सर्वांत मोठं खामगाव, २०११ च्या जनगणनेत ९४ हजारांचं. जिल्ह्याचं ठाणं बुलढाणा ६७ हजारांचं. कायदा सगळ्यांना एकच, १९६५ चा नगरपरिषद अधिनियम.

आता बजेट. पेपरातला मथळा ठरलेला, 'अमुक कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर'. तुटीचं अंदाजपत्रक मांडलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. आरंभीची शिल्लक, महसुली जमा, भांडवली जमा, मग त्याच क्रमानं खर्च आणि शेवटी अखेरची शिल्लक, अशी ती मांडणी असते. महसुली म्हणजे रोजचं येणं-जाणं, भांडवली म्हणजे रस्ता, टाकी, इमारत. मथळ्यातला कोटींचा आकडा बहुतेक भांडवली बाजूनं फुगलेला असतो. मंत्रालयातून योजना मंजूर होईल या आशेवर ती रक्कम जमेला धरतात, तेवढीच खर्चालाही दाखवतात. योजना आली नाही तर पुढच्या वर्षी सुधारित अंदाजात दोन्हीकडून गुपचूप कमी करतात. म्हणून मी ओट्यावर सांगतो, पहिला रकाना सोडा. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले, किती खर्चले, तो रकाना बघा.

पूर्वी पालिकांकडे जकात होती. गावाच्या वेशीवर नाका, आडवा बांबू, खोलीत कंदील. ट्रक थांबला की पावती फाटायची आणि तिजोरीत रोज रोकड यायची. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांचा त्रास गेला, ते बरंच झालं. पण गावाचा रोजचा हक्काचा पैसाही गेला. बदल्यात राज्य सहायक अनुदान देतं, ते बहुतेक पगार-पेन्शनीत संपतं. अनुदान लांबलं की पगार लांबतो आणि झाडूवाल्याच्या घरी उधारी सुरू होते. गावानं गावासाठी गोळा केलेला म्हणावा असा पैसा उरला तो घरपट्टीचा, पाणीपट्टीचा आणि गाळ्यांच्या भाड्याचा.

शेजारच्या वैनी परवा घरपट्टीचं बिल घेऊन आल्या. पुढे दुकान, मागे राहतं घर. "भाऊजी, एवढे पैसे कशाचे लावले यायनं?" मी चष्मा लावला. वर एकत्रित मालमत्ता कर, मग वृक्ष कर, मग शिक्षण कर, दुकानाच्या भागावर रोजगार हमी कर, कचऱ्याचं शुल्क, मागील थकबाकी आणि खाली शास्ती. त्यांना सांगितलं, शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिकेचे नाहीत. पालिका ते वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. मूळ कर ठरतो घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल याचा अंदाज करायचा, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर लावायचा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. त्या वेळी हरकतीची नोटीस निघते, ती कोणी वाचत नाही आणि बिल हातात आल्यावर बोंब होते. वैनींच्या बिलात दुकानाचं माप दीड खण जास्त लावलेलं होतं. हरकतीची मुदत केव्हाच सरलेली.

शास्तीचं गणित तर बघण्यासारखं आहे. थकबाकीवर महिन्याला २ टक्के. चार वर्षं बिल पडून राहिलं की शास्तीच मुद्दलाच्या जवळ पोचते. मग थकबाकीदार म्हणतो, आता भरायचंच कशाला. २०२५ मध्ये सरकारनं नगरपरिषदांसाठी शास्ती माफीच्या अभय योजनेची वाट मोकळी केली. वसुली वाढेल हे खरं. पण दरवर्षी मार्चच्या आत रांगेत उभं राहून भरणाऱ्या मास्तराला त्यातून काय शिकायला मिळालं, ते विचारू नका.

हे झालं आपल्या खिशातलं. दुसरा पैसा वरून येतो, आणि त्याच्या गळ्यात दोरी असते. कार्यालयात आम्ही त्याला 'हेड' म्हणायचो. या हेडचा पैसा त्या हेडला लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचंच घ्या. २०२१-२६ मध्ये आपल्यासारख्या गावांना मिळालेल्या निधीतला ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता. ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नव्हता. नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण योजना, अमृत, प्रत्येकाची चौकट वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी पालिकेला स्वतःचा वाटा घालावा लागतो. तो वाटा जातो घरपट्टीतून. म्हणजे फुकट आलेली योजनाही आपल्या रोजच्या पैशाला कात्री लावून येते. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला-बालकल्याणासाठी राखायचे असतात. तेही बहुतेक ठिकाणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवतं.

पाण्याकडे बघा म्हणजे सगळं कळेल. बुलढाण्याला पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचं पाणी. पाणी वाढलं की आपोआप उघडणाऱ्या दरवाजांसाठी ते धरण प्रसिद्ध आहे. खामगावला ज्ञानगंगेचं, चिखलीला पेनटाकळीचं, मेहकरला कोराडीचं. धरणात पाणी असतं, टाकीही असते, आणि नळ मात्र पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी येतो. लोक म्हणतात नवी योजना आणा. योजना येते, नारळ फुटतो. पण पाटबंधाऱ्याची पाणीपट्टी, पंपाचं वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग, फुटलेल्या पाइपाला जोड आणि पहाटे चारला चावी फिरवणारा व्हॉल्वमन हे सगळं महसुली खर्चात बसतं. तिथे योजनेचा पैसा येत नाही. पाणीपट्टी वर्षाला ठोक, मीटर नाही, अनधिकृत नळ किती ते मोजायची कोणाची हिंमत नाही. वीजबिल थकतं, महावितरणची नोटीस येते, कधी पुरवठाही तोडतात. मग लाख रुपयांच्या व्हॉल्वसाठी कोट्यवधींची योजना खोळंबते.

आमच्या गल्लीचं सांगतो. आधी सिमेंट काँक्रीटचा रस्ता झाला, छान झाला. वर्षाच्या आत पाइपलाइन आली आणि तो मधोमध कापला. दोन्ही कामं रीतसर होती. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक, सगळं जिथल्या तिथे. दोन हेड, दोन फायली, दोन ठेकेदार. रस्त्याची फाइल पाइपाच्या फायलीशी बोलली नाही. खोदलेली चर परत भरून द्यायची तरतूद पाइपाच्या अंदाजपत्रकात होती. ठेकेदारानं माती लोटली आणि निघाला. मी दोषदायित्वाची मुदत, म्हणजे ठेकेदारानं बिघाड स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, विचारली तेव्हा खिडकीतल्या पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की, म्हातारा अजून सुटला नाही वाटतं.

पैशाच्या या गणितात आपल्या जिल्ह्याची आणखी एक वेगळी अडचण आहे. शेगाव २०११ ला साठ हजारांच्या आतलं गाव. प्रकटदिनाला, रामनवमीला तिथे लाखोंनी माणूस येतो. सिंदखेडराजा १६ हजारांच्या आसपासचं, आणि १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी उभा महाराष्ट्र लोटतो. लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, जगात नाव झालं. गावाचं सांडपाणी सरोवराकडे जाऊ नये ही जबाबदारी मात्र एका छोट्या नगरपरिषदेची. पाहुणे जगाचे आणि घरपट्टी गावाची, हे गणित जमणार कसं? शेगाव आणि लोणारच्या विकासासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. आराखड्यातून रस्ते, इमारती उभ्या राहतात. पण त्या झाडणारा माणूस पुन्हा गावाच्याच पैशातून.

मधली चार वर्षं तर गावाला विचारायलाही कोणी नव्हतं. २०१६ ला निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक बसले. कुठे उपविभागीय अधिकारी, कुठे मुख्याधिकारीच. ज्यानं बजेट मांडायचं त्यानंच मंजूर करायचं, असा प्रकार काही ठिकाणी चालला. त्यांनी वाईट केलं असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी कामं उलट वेगानं झाली. पण सभेत उठून "हे कशाला?" असं विचारणारं तोंड नव्हतं. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, काही जागांवर २० डिसेंबरला, २१ ला निकाल लागले. जनतेतून निवडलेला नगराध्यक्ष आणि नगरसेवक सभागृहात परत आले.

आता त्यांच्याकडून काय मागायचं? ओट्यावर यादी झाली तेव्हा कोणी कमान म्हणाला, कोणी चौकाचं सुशोभीकरण, कोणी पेव्हर. एका पोरानं ओपन जिम मागितली. मी विचारलं, आधीच्या जिमचं सायकलीचं पायडल तुटून किती दिवस झाले? तो म्हणाला, "पण काका, नवी तं सरकारच्या पैशातून येते ना!" पोरगं हुशार आहे, त्याला पद्धत बरोबर कळली आहे.

अशी यादी लोकांना विचारून बजेटात घेताही येते. पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेऊन ती बजेटात धरायला सुरुवात केली. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराची, १९८९ ची. पुण्यातही लोकांनी बाकडी, फुटपाथ, नामफलकच जास्त सुचवले असं ऐकतो, पण निदान विचारलं तरी. आपल्याकडे एका वॉर्डानं असं बसून यादी केली, आणि यादीत पहिलं 'व्हॉल्व दुरुस्ती' लिहिलं, तर मी स्वतः पेढे वाटीन.

सर्वसाधारण सभा सदस्यांनी बहुमतानं बंद ठेवली नसेल तर लोकांना बघायला खुली असते, हे फार कमी जणांना माहीत आहे. बजेटाच्या सभेला चार माणसं मागे बसली तरी बोलण्याचा सूर बदलतो. नगराध्यक्षानं कलम ५८(२) च्या विशेष अधिकारात कुठली कामं केली, ते सभेपुढे ठेवावं लागतं. ती यादी नगरसेवकाकडे मागा. एखादा ठराव गावाच्या मुळावर येणारा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण ३०८ चा अर्ज दुश्मनी काढायला करू नका, त्यानं चांगली कामंही वर्षभर अडतात. आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल वाचा. पालिकेत सर्वांत कमी उघडलं जाणारं आणि सर्वांत खरं बोलणारं कागदपत्र तेच. कुठलं काम तुकडे पाडून दिलं, कुठलं देयक मोजमापाविना निघालं, किती रक्कम वसूलपात्र आहे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं तेच आक्षेप, आणि खाली तेच उत्तर, 'पूर्तता करण्यात येईल'.

हे मिळवायला ओळख लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय घ्या आणि १५० शब्दांत लिहा. सगळ्या झेरॉक्स मागू नका, 'अभिलेख पाहायचे आहेत' असं लिहा. पाहण्याचा पहिला तास मोफत असतो, झेरॉक्सला पानाला २ रुपये. पहिला अर्ज पाणीपुरवठ्याच्या देखभालीवर मागच्या तीन वर्षांत तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, एवढ्याचाच करा. पालिकेला उत्तर द्यायला ३० दिवस आहेत.