मावशी ते आई, व्हाया शिरूर-दौंड

'इंटरनॅशनल अडॉप्शन' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. एअरपोर्ट, फुगे, गोरे आई-बाबा आणि त्यांच्या कडेवर टुकूटुकू बघणारं एक सावळं बाळ. आमच्या केसमध्ये आई-बाबाही सावळेच! मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, नवरा शिरूरचा, सध्याचा पत्ता न्यू जर्सी. बाळ पुण्यातल्या एका संस्थेतलं. पण कागदोपत्री आम्हीसुद्धा 'इंटर-कंट्री'च. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, जन्मदाखल्यावर आमची नावं लागली, आता पासपोर्ट आणि व्हिसा बाकी. तोपर्यंत गेले पाच आठवडे मी 14 महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन सासर-माहेर करतेय.

अमेरिकेत आम्हाला जे ट्रेनिंग दिलं, त्यात एक गोष्ट ठासून सांगितली होती. बाळाच्या भाषेतले निदान 50 शब्द शिका, त्याच्या देशातले पदार्थ करायला शिका. मी मनातल्या मनात हसले होते. भाषा? मराठी! पदार्थ? मऊ भात, वर तूप-मीठ! आपण तर पेपर फुटल्यासारखे परीक्षेला बसणार. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की हिच्या दृष्टीने परदेश न्यू जर्सीत नाही, शिरूरच्या आमच्या घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो.

म्हणजे बघा, हिने मिक्सरचा आवाज इतक्या जवळून ऐकलेला नव्हता. खोलीत रात्री पूर्ण अंधार करतात, हे तिला माहीत नव्हतं. संस्थेत एक मंद दिवा रात्रभर चालू आणि आजूबाजूला आठ-दहा पाळणे. इथे एवढ्या मोठ्या पलंगावर आपण एकटेच का, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा. आणि पुरुष! तिथे सांभाळणाऱ्या सगळ्या बायका. त्यामुळे माझे सासरे (मिशा, खर्जातला आवाज, हातात काठी, एकूण पॅकेजच) 'काय गं पोरी' म्हणाले की ही थिजून जायची. अण्णांनी दुसऱ्या दिवशीपासून काठी दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. मिशांचं काय करता येईल, असंही एकदा त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

तिला बोलता येणारा एकमेव शब्द म्हणजे 'मावशी'. संस्थेत सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला मुलं मावशीच म्हणतात. तोही नीट येत नाही, म्हणून 'माशी'. सासूबाई माशी, शेजारच्या वहिनी माशी, भाजीवाली माशी आणि मीही माशी. इतकी वर्षं ज्या हाकेची वाट बघितली ती आली, पण गावातल्या समस्त बायकांबरोबर शेअरिंगमध्ये!

आणि ती रडायची नाही. पाहुणे म्हणायचे, 'किती शहाणं बाळ आहे हो, नशीब काढलंत.' पण मला रात्री दोनला जाग आली, तर ही टक्क उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत पडलेली असायची. लंगोट ओला, तोंडातून आवाज नाही. एकेका मावशीकडे कितीतरी मुलं असतात, त्यांनी जीव लावला तरी हात दोनच. रडलं की लगेच कुणी येत नाही, हे मूल फार लवकर शिकतं. शांत बाळ म्हणजे सुखी बाळ असं नसतं, हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझी झोपच उडाली. मग आम्ही अलार्म लावून उठायला लागलो. तिने बोलावलं नाही तरी आपण जायचं. खाण्याचंही तसंच. समोर येईल ते सगळं संपवायचं, शिवाय एक पार्ले-जी मुठीत धरूनच झोपायचं. सकाळी चादरभर भुगा. काढून घ्यायचा नाही, असं ठरवलं. उद्याही बिस्किट मिळणार आहे, यावर तिचा विश्वास बसेपर्यंत चादरी धुवायच्या.

सगळ्यात अवघड प्रकरण मात्र पुढचंच. दत्तक बाळाला सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं हे शक्यतो आई-बाबांनीच करावं, असा सल्ला हल्ली देतात. हजार हातांत वाढलेल्या मुलाला 'हे दोन हात आपले' हे कळावं म्हणून. वाचायला एकदम लॉजिकल. पण शिरूरमध्ये करून दाखवा! इथे मूल घरात आलं की ते गल्लीचं असतं. 'आगं, आन की हिकडं' म्हणत बाया हात पुढे करणार आणि माझी लेक कुणाकडेही बिनतक्रार जाणार. लोकांना तेच कौतुकाचं आणि मला तेच बोचणारं. सासूबाईंनी बाहेरच्यांचा बंदोबस्त एका वाक्यात केला, 'डॉक्टरांनी सांगितलंय.' या दोन शब्दांपुढे आपल्याकडे कुणाचं काही चालत नाही.

पण स्वतः सासूबाईंचं काय? त्यांची ही पहिली नात. हातात जेमतेम सात-आठ आठवडे, मग विमान, आणि पुढची भेट कधी ते पासपोर्टवरचे शिक्के ठरवणार. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की आई, तुम्ही भरवू नका? मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी घरात फार शांतता होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि शेजारी पाट टाकून बसल्या. 'तू भरव. मी बघते.' तेव्हापासून हेच रुटीन. कुस्करायचं त्यांनी, भरवायचं मी. दुपारी त्या जुन्या साड्यांची गोधडी शिवतात, ही त्यांच्या समोर बसून दोऱ्याचं रीळ पळवते. एकदाही त्यांनी स्वतःहून तिला उचलून घेतलेलं नाही. तो सल्ला बरोबरच आहे असं मला आजही वाटतं. पण त्याची किंमत कोण मोजतंय, तेही मला दिसतं.

प्रश्नांची तर लॉटरीच लागते. 'खरी आई कोण?' 'कुठल्या समाजाची पोरगी?' 'आणि मुलगा का नाही घेतला?' शेवटचा प्रश्न सगळ्यात जुना. आपल्याकडे दत्तक हा शब्दच गादीशी आणि वंशाशी जोडलेला. सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेले, शाहू महाराज 1884 मध्ये कोल्हापूरला. सगळे मुलगे आणि शक्यतो भाऊबंदांतले. मुलगी दत्तक घ्यायला हिंदूंना सरसकट कायद्याचा आधार मिळाला तो 1956 मध्ये. त्यामुळे गल्लीतल्या आजींवर मी फार चिडत नाही. समाज विचारला की अण्णा म्हणतात, 'आमची आहे, म्हणजे आमच्याच समाजाची.' विषय संपतो.

पुण्याचं नाव निघालं की मला लिसा स्थळेकर आठवते. ऑस्ट्रेलियाची ऑलराउंडर, वन-डेमध्ये हजार रन्स आणि शंभर विकेट्स करणारी पहिली बाई. जन्म पुण्यातला, 13 ऑगस्ट 1979. 'श्रीवत्स' संस्थेतून हरेन आणि सू स्थळेकरांनी तिला घेतलं तेव्हा ती जेमतेम तीन आठवड्यांची होती. मग अमेरिका, केनिया, शेवटी सिडनी. 2013 चा वर्ल्ड कप जिंकला तोही मुंबईत, ब्रेबॉर्नवर! आज तीन आठवड्यांचं बाळ परदेशी जाऊच शकणार नाही. परदेशी दत्तक प्रकरणांतल्या गैरप्रकारांबद्दल एका वकिलाने लिहिलेल्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले, की आधी देशातलं कुटुंब, ते मिळालं नाही तर परदेश. 1990 मध्ये 'कारा' आली, 2003 मध्ये भारताने हेग करार मान्य केला. 2024-25 मध्ये देशात झालेल्या 4,515 दत्तकविधानांपैकी 4,155 देशातल्या देशातच झाली. या चाळणीमुळे आमची वर्षं गेली. आमची फाइल रखडायची तेव्हा मीसुद्धा तणतणायचे. पण मूल कुठून आलं, कुणी सोडलं, खरंच सोडलं का, हे तपासलं गेलंय, हे मला तिला एक दिवस सांगता येणार आहे. अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःचा शोध घ्यायचा असेल तर कायद्यात तीही वाट आहे.

ऑफिसवाल्यांसाठी एक कडू गोळी. 2017 मध्ये मॅटर्निटीची रजा 26 आठवडे झाली तेव्हा दत्तक आईला 12 आठवडे मिळाले, तेही बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर! आता हिशेब करा. मूल संस्थेकडे सोपवलं की जन्मदात्यांना फेरविचारासाठीच 60 दिवस असतात. त्यानंतर कागद, मग मॅचिंग. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कसं? त्या अटीविरुद्ध सुप्रीम कोर्टात दादही मागितली गेली. अमेरिकेतही मजा नाही. तिथल्या 1993 च्या कायद्याने 12 आठवडे मिळतात, पण बिनपगारी. म्हणून मी शिरूरमधून रात्री आठ ते बारा कॉल्स घेते. म्यूट बटणाचा शोध लावणाऱ्याचं भलं होवो.

मागच्या आठवड्यात दौंडला गेलो. न्हावरे, चौफुला, पाटस असा रस्ता, उसाच्या गाड्यांमागून रांगत. चौफुल्याची कला केंद्रं ओलांडली तेव्हा ही गाढ झोपलेली. जवळच केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, पुढे तिथे शेकडो जणी वाढल्या. शाळेत असताना सहलीला गेलो होतो, तेव्हा मला फक्त तिथली झाडं लक्षात राहिली होती. या वेळी गाडी थांबवायला सांगितली, पाच मिनिटं बाहेर उभी राहिले. पोटी न जन्मलेल्या मुली वाढवणं या तालुक्याला काही नवीन नाही.

माहेरी मात्र धमाल. दौंड जंक्शन म्हणजे रात्रभर शिट्ट्या, अनाउन्समेंट, मालगाड्यांची धडधड. मला वाटलं पोर घाबरेल. पण तिला तो गोंगाट आवडला! रिकाम्या शांततेपेक्षा तिला तोच ओळखीचा वाटला असावा. बाबा तिला रोज संध्याकाळी गाड्या दाखवतात, मी शेजारी उभी राहते, आणि ती प्रत्येक इंजिनाला गंभीरपणे म्हणते, 'माशी.'

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले. माठापर्यंत पोचले नसेन, तोच मागून असा भोकाड पसरल्याचा आवाज आला की शेजारच्या क्वार्टरमधला दिवा लागला. हुंदके देत, हात पसरून, पलंगाच्या कडेला उभी. आईने घाईघाईने उचलून घ्यायला हात पुढे केला तर तिने तो चक्क ढकलला! चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने कुणाला तरी नकार दिला असेल. मी घेतलं, तरी दहा मिनिटं रडतच होती. आई बिचारी ओशाळलेली आणि मी आनंदाने वेडी.

सकाळी शिरूरला फोन लावला. सासूबाईंना सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, 'मोठ्यानं रडली का?'

'खूप मोठ्यानं, आई.'

'गोधडी झालीय. शनिवारपर्यंत या.'

पासपोर्टचं स्टेटस अजून 'अंडर प्रोसेस' दाखवतंय. बॅग भरायला घेतलीय. संस्थेतून निघताना तिथल्या मावशींनी तिच्या पाळण्यातलं दुपटं दिलं होतं आणि बजावलं होतं, इतक्यात धुऊ नका, तिला वास ओळखीचा असतो. ते तसंच, न धुतलेलं, गोधडीच्या घडीत ठेवायचंय. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी तिचा रिपोर्ट भारतात पाठवायचा असतो. वजन, उंची, तब्येत, भाषा. भाषेच्या रकान्यात काय लिहायचं, यावर सध्या आमच्या घरात दोन गट पडलेत.