पिकाची नोंद आणि शेतकऱ्याचा फोन : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एका ॲपचा विचार

संगणक व मोबाइल फोन यांवरील ॲपची चर्चा बहुधा आवडीपाशीच थांबते. कोणते दिसावयास सुबक, कोणते वेगवान, कोणते फुकट, एवढे ठरले की ती संपते. वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत मात्र असे एक ॲप वापरले जाते की ज्याच्या बाबतीत आवडीनिवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘ई-पीक पाहणी’ हे ते ॲप होय. २०१९ मध्ये निघालेले ‘मेघदूत’ हे हवामानविषयक ॲप शेतकऱ्याने उघडले नाही, तर त्यास पावसाचा अंदाज व त्यावरील सल्ला मिळत नाही, इतकेच. ‘ई-पीक पाहणी’ न उघडल्यास त्याच्या शेतातील उभे पीक शासनाच्या दप्तरी उभेच राहत नाही.

या ॲपचे स्वरूप कळण्यासाठी त्यामागील दप्तर ध्यानी घेतले पाहिजे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा व गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदवहीचा; दोहोंच्या जोडणीतून ‘सातबारा’ हा सर्वपरिचित शब्द बनला. पिकाची नोंद शेतावर जाऊन घ्यावी, व तत्पूर्वी गावकऱ्यांस सूचना द्यावी, असा महाराष्ट्र जमीन महसूल अधिकार अभिलेख व नोंदवह्या यांविषयीच्या १९७१ च्या नियमांचा दंडक आहे. वऱ्हाडात ज्यास अद्यापि ‘पेरेपत्रक’ म्हणतात, त्याचा आधार हीच नोंद. परंतु एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्यामुळे प्रत्येक धुऱ्यावर जाणे दुष्कर होते, आणि नोंदी कचेरीत बसून ऐकीव माहितीवर होतात ही तक्रार जुनीच होती. (जमिनीचा व्यवहार लिहून ठेवण्याची या भागातील चाल तर फारच प्राचीन आहे. १९३९ मध्ये उजेडात आलेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट ग्रामदानाचाच आहे. पण तेथे दान नोंदले गेले. दर हंगामी बदलणारे पीक ताम्रपटावर कोरण्याचे कारण नव्हते.)

१५ ऑगस्ट २०२१ रोजी हे ॲप राज्यभर लागू झाले. महसूल विभागाच्या या प्रकल्पास टाटा ट्रस्टचे साहाय्य होते. खातेदार स्वतःचे नाव व गट क्रमांक निवडतो, पिकाचा वर्ग, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक भरतो आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेतो. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. २०२४ च्या खरिपापासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली आवृत्ती आली आणि शेतावर प्रत्यक्ष उपस्थित असण्याची अट अधिक कडक झाली. वस्तुतः येथे केवळ साधन बदलले नाही, साक्षीदार बदलला. पूर्वी शासन पाहत असे व शेतकरी सांगत असे. आता शेतकरी स्वतः घोषणा करतो आणि शासन निवडक नोंदी पडताळून पाहते.

खरी परीक्षा होते ती ‘पिकाचा वर्ग’ या रकान्यात. वाशीम जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक सोयाबीन, व त्यात तुरीचे तास सोडण्याची रीत सर्वत्र आढळते. नमुना बारामध्ये निर्भेळ व मिश्र पिकांचे रकाने पूर्वीपासूनच वेगळे होते, आणि ॲपनेही तो भेद राखला आहे. अडचण आहे ती काळाची. सोयाबीन साधारणतः शंभर दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात कापणीस येते. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात असते. शेतकऱ्याने स्वतः नोंद करावयाची मुदत ऑगस्टच्या आरंभापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, व ती पुष्कळदा वाढविली जाते. या काळात घेतलेल्या छायाचित्रात दोन्ही पिके येऊ शकतात. मुदत हुकली की उरलेली नोंद नेमलेल्या सहायकाकडे जाते. तोपर्यंत सोयाबीनचा सुडी लागलेला असेल, तर छायाचित्रात धसकटे व तुरीच्या ओळी एवढेच येणार. छायाचित्र खोटे नसते, परंतु ते हंगामाचे नव्हे, त्या दिवसाचे असते.

या नोंदीवर काय अवलंबून आहे? हमीभाव खरेदीकरिता पिकाची नोंद असलेला सातबारा मागितला जातो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता; बाजारातील दर त्याखाली असता ज्याच्या सातबाऱ्यावर सोयाबीन नाही, त्यास व्यापाऱ्याच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पीकविमा व अतिवृष्टीची मदत यांतही ही नोंद पुराव्याचे काम करते.

एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते ही सोय समंजसपणाची होय. ज्याच्याजवळ चांगला फोन नाही, त्याचे काम शेजाऱ्याचा मुलगा करून देतो. परंतु बटईने वा मक्त्याने शेती करणाऱ्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. बांधावर जाऊन छायाचित्र तोच घेतो, तथापि ॲपमध्ये निवडावयाचे नाव खातेदाराचे असते, आणि नोंदही त्याच्याच सातबाऱ्यावर चढते. बियाणे, खत व मजुरी ज्याची, त्यास खरेदी केंद्रावर माल नेताना खातेदाराचा सातबारा व त्याचे बँक खाते यांची मनधरणी करावी लागते. खातेदार पुण्यास वा मुंबईस असेल, तर तीही फोनवरूनच.